एकशेसात रिकामी होत नाही

२९ एप्रिल

स्विमिंग पूल बंद केला शेवटी. पाणी उपसून बागेच्या टाकीत घेतलं, वर ताडपत्री. पाटी लावली, दुष्काळामुळे पूल बंद, सहकार्य करावे. सहकार्य कोण करतंय. सकाळपासून काउंटरवर रांग. ठाण्याचे एक गृहस्थ बर्म्युडा घालून, गळ्यात टॉवेल अडकवून उभे. "मॅडम, आम्ही गेस्ट नाही, मेंबर आहोत. मालक आहोत."

मालक म्हणजे वर्षातून एक आठवडा, पंचवीस वर्षं. कधीतरी कुठल्यातरी मॉलमध्ये फुकटचा चहा पिता पिता सही केलेली. उरलेलं वर्षभर मालकी कुणाची, हे कुणी विचारत नाही. मी म्हटलं, मालक, विहिरीत पाणी नाही. तर म्हणाले, हे काय उत्तर झालं?

बी ब्लॉकला पण कुलूप. एका ब्लॉकपुरतंच पाणी पुरतंय. संध्याकाळी जी. एम. साहेबांचा फोन. साहेब पुण्यात बसून आमचं रिसॉर्ट चालवतात. "सुनंदा, चेकइन दोन, चेकआउट दहा. एकही माणूस वेळेच्या पुढे राहिलेला चालणार नाही. गेल्या वर्षीसारखं झालं तर तुला कोकणातल्या प्रॉपर्टीवर पाठवून देईन."

कोकणात पाणी असतं म्हणे भरपूर. क्षणभर मोह झाला. पण ह्यांची नोकरी इथं, घराचे हप्ते इथं.

२ मे

टँकर नाही. टँकरवाल्या रफिकभाईंना फोन केला. "मॅडम, क्या करूं मैं? स्लॅबवाले पैलेच बुक करके बैठे."

शहराबाहेर पडेगाव सोडलं की इथपर्यंत नुसत्या प्लॉटिंगच्या पाट्या. दोन वर्षांपूर्वी ज्वारी होती तिथे. आता 'निसर्गाच्या कुशीत, चोवीस तास पाणी'. ते चोवीस तासांचं पाणी म्हणजे आमचा टँकर. स्लॅबवर मारतात. माणसं कोरडी, सिमेंट गारेगार.

घरी नळ आला म्हणे आज, आठव्या दिवशी. ह्यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, "आला!" शेजारच्यांनी पोराचा निकाल सांगावा तसं.

४ मे

आज कमालच झाली.

चेकइन दोनला. सकाळी साडेदहालाच रिक्षा आणि मागे टेम्पो. भानुदासराव आणि शकुंतलाकाकू. मेंबर. राहणार कुठले, तर इथल्याच शहरातल्या सिडकोत. लोक मुंबई-नागपूरहून येतात, हे गावातल्या गावात. गेल्या मे महिन्यात असेच आले होते आणि घरादाराच्या, भावकीच्या गोधड्या आणून सात दिवस धुतल्या. ए ब्लॉकच्या बाल्कन्यांवरून गोधड्या लोंबत होत्या, आणि त्यांचे फोटो पुण्याला पोचले. वर निघायच्या दिवशी गोधड्या वाळल्या नाहीत म्हणून खोली सोडायला संध्याकाळ. मी सुरक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं, यंदा गोधडी दिसली की गेटवरच अडव.

गोधडी नव्हती. बाळंतीण होती.

तीन दिवसांची. त्यांची लेक रोहिणी, कानाला घट्ट रुमाल, दवाखान्यातून थेट इथं. टेम्पोत बाज, शेगडी, कोळशाचं पोतं, पाळणा. मी म्हटलं, काकू, अहो हे रिसॉर्ट आहे.

"मंग? आमचा आठवडा हाय का नाय?"

आहे. तीच तर अडचण आहे.

दोनपर्यंत बाळंतिणीला लॉबीत बसवायची का? नियमाने हो. दिली खोली. एकशेसात, तळमजला, दोन खोल्या आणि ओटा. ठाणेकर मालक तिथेच उभे होते, म्हणाले, यांना लवकर चेकइन कसं मिळालं? मी सांगितलं, पुढच्या वेळी तुम्ही बाळंत होऊन या. मोठ्याने नाही, मनात.

५ मे

एकशेसातचे फोन, दिवसभराचे: गरम पाणी. आणखी गरम पाणी. बाळंतशेपा आहेत का. ए.सी. बंद होत नाही. खिडकीच्या फटी बुजवायला चिंध्या. पाटा-वरवंटा.

रूम सर्व्हिसवाला मला विचारतो, मॅडम, पाटा मेन्यूत कुठल्या पानावर आहे?

उद्या पाचवी. पाट्यावर पूजा मांडतात. मला माहीत आहे हो. माझ्या आईने पण मांडली होती. पण गंगापूरला, स्वतःच्या घरात. काउंटरवर फोन करून पाटा मागवला नव्हता.

६ मे

पाटा आला. हाउसकीपिंगच्या चंद्रकलाबाईंनी पडेगावहून घरचा आणवला, नवऱ्याच्या लुनावर पायाशी ठेवून. पहाटेपासून त्या आणि त्यांच्या तिघीजणी एकशेसातमध्येच. वर दोनशेतीनला टॉवेल नाही, दोनशेपाचची चादर तशीच, बारा वाजले तरी कुणाचा पत्ता नाही.

"चंद्रकलाबाई, दोनशेतीनचे टॉवेल?"

"आवं मॅडम, पाचवी हाय. सटवाई यायची पोरीचं नशीब लिव्हायला. टावेल उद्या बी देता येईन की."

सटवाईचं चेकइन किती वाजता, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. गिळलं. दोनशेतीनचे टॉवेल मीच नेऊन दिले. तिथल्या बाई म्हणाल्या, आणि शाम्पू?

८ मे

ओव्याची धुरी.

सकाळी सव्वाआठला अलार्म. सगळा ए ब्लॉक वाळक्या लॉनवर. सोलापूरचे एक वकील अंगभर साबण, कमरेला आमचाच टॉवेल. अलार्म वाजला की पंप आपोआप बंद होतो आणि पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास जातो, हे त्यांना समजावताना माझी हयात गेली. "मग हा साबण कोण धुणार?" असं त्यांनी मला विचारलं. मला.

तणतणत एकशेसातवर गेले. दार सताड उघडं, आत धूर, ओवा, कोळसे. काकू म्हणतात, "तुमचं यंत्र येडं हाय का? धुरी कोणती अन् आग कोणती, एवढं कळंना त्याला?"

बाळ बाजेवर झोपलेलं, तेलाने लाल झालेलं. एवढा भोंगा वाजला तरी पापणी हलली नाही. मी ओरडायचं ते ओरडले. रोहिणी उठून बसली आणि म्हणाली, सॉरी ताई. झालं. समोरचा माणूस सॉरी म्हणाला की रागाने करायचं काय? तो घेऊन परत काउंटरवर आले आणि रूम सर्व्हिसवाल्यावर काढला.

९ मे

काकू काउंटरवर. हातात डिंकाचा लाडू. लाडू आला की मागणी येणार, एवढं आता कळतं.

"मॅडम, तेरा तारखेला बारसं करायचं इथं. बारा-पंधरा मान्सं."

म्हटलं, काकू, तुमचं चेकआउट अकरा तारखेला. सकाळी दहा.

काकू समोरच्या सोफ्यावर बसल्या आणि मग सगळं सांगितलं. मला ऐकायचं नव्हतं, पण लिहून ठेवते.

मार्चमध्ये रोहिणीचं डोहाळजेवण, सिडकोतल्या घरी. व्याही देवगाव रंगारीचे. विहीर, बागायत, तोलामोलाचं घर. भर उन्हात जीपमधून उतरले, पाय धुवायला पाणी मागितलं. आदल्या दिवशी यायचा नळ आलाच नव्हता. काकूंनी होता तो अर्धा तांब्या पुढे केला. व्याह्यांनी तांब्यात वाकून बघितलं. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "मान्साला पाय धुवाया पाणी नाय तुमच्यात. सून करताना आधी घरचा नळ बघायला पायजे व्हता." आणि न जेवता जीपमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून फोन नाही. जावई दवाखान्यातसुद्धा आला नाही. बापापुढे बोलत नाही म्हणे.

"पोरगी झाली म्हणून नाय हां मॅडम. तसली मान्सं नायत ती. राग पाण्याचा हाय."

आणि काकूंनी निरोप धाडला आहे की बारसं रिसॉर्टवर. तोटी सोडली की धो धो. "बादल्याच्या बादल्या वता म्हणावं पायावर. येकदा डोळ्यानं बघू दे. मंग लेकीला घिऊन जातीन."

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवरून आठवडा बुक केला होता. बाळ तीन दिवस उशिरा आलं आणि बारसं आठवड्याच्या बाहेर गेलं.

मी म्हटलं, काकू, आमचं पण टँकरचंच पाणी आहे.

"ते त्यास्नी कुठं म्हाईत!"

लाडू चांगला होता.

१० मे

जी. एम. साहेबांना विचारलं, दोन दिवस वाढवून देता येतील का. कारण सांगितलं. म्हणाले, "सुनंदा, ती काय धर्मशाळा आहे?" शिवाय उद्या एकशेसातवर नागपूरचे देशमुख येताहेत. मेंबर. दोघांचे गुडघे दुखतात, तळमजलाच पाहिजे, सहा महिन्यांपूर्वीचं बुकिंग. त्यांचंही काही चुकत नाही.

काकूंना जाऊन स्पष्ट सांगितलं. उद्या दहा म्हणजे दहा. "व्हय, व्हय, निघतो की," म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की झोपायची वेळ झाली तरी तेच डोक्यात.

११ मे

पावणेदहा. काकू आल्या. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. मागे काका. मला वाटलं सामान भरलं. इतकं बरं वाटलं की चहा सांगितला.

काकूंनी माझ्या टेबलावर एक छोटं गाठोडं ठेवलं. तांदूळ, सुपारी, हळकुंड. "घ्या मॅडम. आमचं प्रस्थान."

म्हणजे काय, तर निघायच्या वेळेला निघता येत नसेल तर असं गाठोडं वेळेवर दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं. मग माणूस निघाल्यातच जमा. नंतर जाईना का सावकाश. "बाळंतीण आजच्या दिवशी हलवत नायत. पर तुमची दहाची येळ मोडली नाय आमी."

आणि गेल्या की परत एकशेसातमध्ये. दार लावून घेतलं.

काका मागे रेंगाळले होते. त्यांच्यावर उखडले. काका, सिस्टीमला प्रस्थान कळत नाही! काका चपलेकडे बघत म्हणाले, "सिस्टीमला नाय मॅडम. पण तुमाला कळतंय."

कळतं. हेच तर. मी नाशिकची, मुंबईची असते तर सिक्युरिटीला बोलावलं असतं आणि मोकळी झाले असते. पण आमच्या घरी आजोबा साखर कारखान्याच्या मीटिंगला जातानासुद्धा शेजाऱ्याकडे प्रस्थान ठेवायचे. बराच वेळ त्या गाठोड्याकडे बघत बसले. मग सिस्टीममध्ये एकशेसातचं चेकआउट टाकलं. वेळ नऊ पन्नास. आता नोकरी गेली तर या हळकुंडापायी.

दुपारी – देशमुख पती-पत्नी. सांगितलं, एकशेसातला मेन्टेनन्स चालू आहे. बी ब्लॉक उघडला, तळमजल्यावरची खोली. तिथे नळाला पाणी नाही, चंद्रकलाबाईंच्या तिघी बादल्या वाहताहेत. देशमुखसाहेबांनी विचारलं, शॉवर? मी म्हटलं, बादलीने अंघोळ सर, पारंपरिक अनुभव. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. बोलणारी दुसरी कुणी असती तर मीच हसले असते.

संध्याकाळी देशमुखबाई फिरून आल्या आणि काउंटरवर कोपर टेकवून उभ्या राहिल्या.

"तुमचे मेन्टेनन्सवाले लंगोट वाळत घालतात का हो?"

१२ मे

देशमुखबाई जाब विचारायला स्वतः एकशेसातवर गेल्या. मी आडवं जायचं सोडून दिलं. जे व्हायचं ते होऊ दे. भांडणाचा आवाज येईल म्हणून कान लावून बसले. आवाज नाही. बऱ्याच वेळाने परत आल्या, हाताला तेल.

"काजळ घालू नका म्हणून सांगितलं, ऐकतच नाहीत. आणि टाळूवर तेल किती ओततात! मी माझ्या नातवाला इतकं नाही घातलं."

मला वाटलं, मिटलं. कुठलं काय. माझ्यासमोरच सोफ्यावर बसून त्यांनी पुण्याला तक्रार केली, फोनवर एकेक अक्षर शोधत. "बाळावर राग नाही हो माझा. पण आमची खोली ती आमची खोली." काय बोलणार? त्यांच्या जागी मी असते तर कालच केली असती.

दिवेलागणीला जी. एम. ओरडले नाहीत. तेच वाईट. "उद्या चार वाजता मला एकशेसातचा रिकामा फोटो पाहिजे. नसला, तर कोकणात राहायची सोय कंपनी करते."

काकूंना सांगितलं, चार. त्या म्हणाल्या, चार म्हंजी लई झालं, दुपारी पाळणा, की निघालोच. कुठे निघणार? सिडकोतच ना? तिथे नळ कधी? विचारलं नाही.

रफिकभाईंना फोन. टँकर उद्या सकाळी पाहिजेच, बारसं आहे. "बारशे का है क्या? तो फिर लाता मैं. स्लॅबवाले को बोल देता, ड्रायवर बीमार है." ड्रायव्हर तेच.

१३ मे

दीड वाजलाय. काउंटरवरच लिहितेय.

टँकर सातला आला. टाकी भरली. एकशेसातच्या ओट्याबाहेर तोटी आहे, तिथे काकूंनी नवी बादली, नवा साबण, आमचा पांढरा टॉवेल, पाट मांडून ठेवला. आत पाळणा बांधला, झेंडू लावले. अकरापासून सिडकोतली मंडळी यायला लागली आणि आल्या आल्या जो तो अंघोळीला. काय सांगावं! पाळण्याकडे कुणी बघेना, बाथरूमबाहेर नंबर. एक मावशी तर धुणं घेऊन आल्या होत्या. मी तोंडात येईल ते बोलले. मावशी म्हणाल्या, कार्याच्या घरी असं बोलू नये.

बारा वाजले. व्याह्यांकडचं कुणी नाही. काकू गेटपर्यंत गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. मंडळींची कुजबुज सुरू. रोहिणी जरीच्या साडीत बाजेवर बसून. कुणाकडेच बघत नव्हती.

साडेबारा झाले असतील. एक तरुण माणूस काउंटरवर, घामाघूम, चपला धुळीने भरलेल्या. "एकशेसात कुठंशी हाय?" बाहेरच्या माणसाला नातं विचारायचं, असा आमचा नियम आहे. विचारलं. तो काउंटरच्या कडेवर नख घासत राहिला.

"बाप हाय मी. पोरीचा."

मी पेन खाली ठेवलं. एकटेच आलात? तर म्हणाला, दादा, म्हणजे त्याचे वडील, फाट्यावर जीपमध्ये बसलेत. बहीण पण आहे. तासभर झाला. दादा उतरत नाहीत, कुणाला उतरू देत नाहीत. हा शेवटी बापाला न विचारता चालत आला.

अजून राग आहे का त्यांचा?

"राग कुठला, मॅडम. आमची बी हीर आटली. म्हैना झाला, तळ उघडा पडलाय. गावात टँकर येतो, त्यावर हाय सगळं. दादा तवा लई बोलून बसले. आता कोणत्या तोंडानं उतरू म्हणत्यात. आन् पोरीला न्यायचं तरी कुठल्या पाण्यावर?"

काकू माझ्या मागेच उभ्या होत्या. सगळं ऐकलं.

मला वाटलं हसतील. दोन महिने ज्या क्षणासाठी एवढा आटापिटा केला, तो असा आयता पुढ्यात आला होता. किंवा रडतील. पदराने मान पुसली आणि म्हणाल्या,

"लई ऊन हाय का फाट्यावर?"

"हाय की."

"मंग बसू द्या थोडं."

आणि वळून एकशेसातकडे चालायला लागल्या. मी पण मागे, जावई पण. आवाज ऐकून रोहिणी दारापर्यंत आली होती, बाळ कवेत. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर तो. कुणी पाऊल टाकेना. तो बाळाकडे बघत होता आणि दोन्ही हात मागे बांधलेले, जसं काही हात लावायला मनाई आहे. मला रडू फुटलं. आणि राग इतका आला की त्या फाट्यावर जाऊन जीपचं दार उपटून काढावं. दोन्हीकडे पाण्याचा टिपूस नाही आणि ताठा बघा.

रोहिणी पहिल्यांदाच आईवर आवाज चढवून बोलली. "आई, आत्याबिगर नाव कोण ठेवणार?"

बरोबर. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं. आत्या जीपमध्ये.

काका तसेच उन्हात फाट्याकडे निघाले. काकूंनी परत बोलावलं. मग स्वतःच त्यांच्या हातात छत्री दिली आणि पाठ फिरवली. काकांना जाऊन आता बराच वेळ झाला. जी. एम. चे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत. सगळी मंडळी पाळण्याभोवती बसली आहेत. इथून दिसतंय, काकू तोटीपाशी उभ्या आहेत, तोंड गेटकडे. बादली केव्हाच भरली आहे, पाणी वाहून चाललंय, आणि मी तोटी बंद करायला उठत नाही.